पाठशिवणीचं गाणं: राउंड शिकायचा कसा आणि शिकवायचा कसा

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दर रविवारी सकाळी दहा-बारा जण गायला जमतात. सगळ्यात लहान मुलगी नऊ वर्षांची, सगळ्यात मोठे आजोबा सत्तरी ओलांडलेले. आम्ही पहिल्यांदा राउंड गायलो तेव्हा समोरच्या बेन दार उघडून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आ तो बधा जुदुं जुदुं गाय छे!" सगळ्यांचं वेगवेगळं चाललंय म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं त्यांना वाटलं. मी म्हटलं, बेन, सगळे एकच गाणं गातायत, फक्त एकाच वेळी नाही. त्या कठड्याला टेकून थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि मग ताल धरायला लागल्या.

राउंड म्हणजे एवढंच. एक छोटी चाल, तिचे सारख्या लांबीचे तुकडे. पहिला गट पहिली ओळ संपवून दुसरीवर गेला की दुसरा गट पहिल्या ओळीपासून सुरू करतो. मग तिसरा, मग चौथा. शेवटच्या ओळीवर पोचलेला गट पुन्हा पहिल्या ओळीवर येतो, त्यामुळे कुणी थांबवेपर्यंत हे चाक फिरतच राहतं. आमच्याकडच्या मुलांनी त्याला ‘पाठशिवणी’ नाव दिलं. ते मला राउंडपेक्षा आवडतं, कारण यात खरोखर एकमेकांच्या पाठीमागे धावायचं असतं आणि पकडायचं मात्र नसतं.

प्रकार मूळचा युरोपातला, आणि जुना. इंग्लंडमध्ये रेडिंगच्या मठातल्या, तेराव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराच्या एका हस्तलिखितात चार गळ्यांचा राउंड आहे. ते हस्तलिखित आता ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात लॅटिनमध्ये गाणाऱ्यांसाठी सूचना लिहिलेली आहे: एकानं सुरू करायचं, आणि तो क्रॉसच्या खुणेपर्यंत पोचला की दुसऱ्यानं सुरुवातीपासून उचलायचं. आज मी फळ्यावर फुली मारून मुलांना हेच सांगते. चार गळ्यांच्या खाली आणखी दोघांनी एक छोटा तुकडा सारखा घोळवत राहायचा, अशीही सोय त्यात आहे. ही खालची सोय लक्षात ठेवा, पुढे कामाला येते. इंग्रजी शाळेत गेलेल्या मुलांना ‘आर यू स्लीपिंग, ब्रदर जॉन’ येत असतं. तोही राउंडच, पण शाळेत तो बहुतेक वेळा सगळ्यांनी मिळून एकदम म्हणायचा असतो, त्यामुळे त्यातली गंमत मुलांपर्यंत पोचतच नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे निराशा कमी होईल. राउंडमध्ये सगळ्यात आधी घसरतात ते चांगले गाणारे. ज्याला काहीच येत नाही तो आपली ओळ घट्ट धरून बसतो. पण ज्यानं चार-पाच वर्षं गुरूंच्या मागे गाऊन कान तयार केला आहे, त्याला शेजारून आलेल्या सुरात सूर मिसळायची सवय असते. भजनात बुवांनी ओळ टाकली की आपण ती उचलतो. तिथं वेगळं गाणं म्हणजे चूक. राउंडमध्ये नेमकं उलटं करायचं आहे: शेजाऱ्याचं ऐकायचं, पण त्याच्याकडे जायचं नाही. कानात बोटं घालून गाणं हा यावरचा इलाज नाही. तसं करणारा गट दोन आवर्तनांत, म्हणजे तालाच्या दोन फेऱ्यांत, लय तरी सोडतो, नाहीतर कणसूर, म्हणजे सुरापासून जरा ढळलेला, तरी होतो.

आधी चाल

कुठलंही भजन किंवा भावगीत घेऊन राउंड होत नाही. करून बघा, तिसऱ्या मात्रेवरच चिखल होतो. ओळी एकमेकींवर रचल्या तरी गोड लागतील अशीच चाल बांधावी लागते. सुरुवातीसाठी भूप रागाचे पाच सूर घ्या: सा रे ग प ध. यात म आणि नी नाहीत, त्यामुळे ग-म किंवा नी-सा अशी अर्ध्या स्वराची खेटाखेट होऊच शकत नाही. जास्तीत जास्त सा-रे, रे-ग किंवा प-ध शेजारी येतील, आणि ते कानाला टोचत नाही. हे सूर भूपाचे आहेत, पण हा काही राग भूप नव्हे. जाणकारांनी चलन शोधत बसू नये.

वर्गासाठी मी बांधलेली ही चाल. केरवा ताल, आठ मात्रा, दर ओळ एक आवर्तन. ‘सां’ म्हणजे वरचा, तार सा; ‘ऽ’ म्हणजे आधीचा सूर लांबवायचा.

पहिली ओळ
सा सा रे रे | ग ग सा ऽ
सू र सा ग | र का ठी ऽ

दुसरी ओळ
ग ग प प | सां सां प ऽ
सां ज आ ली | भे टा या ऽ

तिसरी ओळ
प ध प ऽ | ग रे ग ऽ
दि वे पा ऽ | ण्या त ले ऽ

चौथी ओळ
सा ऽ प ऽ | सा ऽ सा ऽ
हा ऽ ले ऽ | पा ऽ णी ऽ

शब्द बांधताना एक गाढवपणा झाला आहे, तो कबूल करते. ‘सूरसागर’मधला ‘सा’ रे वर येतो आणि ‘ग’ही रे वर येतो. स्वर म्हणून झाल्यावर शब्द म्हणायला घेतले तेव्हा नऊ वर्षांच्या बाईंनी हात वर केला: "ताई, सा म्हणताना रे का लावायचा?" उत्तर नव्हतं. पण सूरसागर तळं आमच्या दारचं, आणि शब्द तोंडात बसलेले, म्हणून बदलले नाहीत. तुम्ही तुमच्या गावचे घाला. एक मात्र पाहा: जिथं सूर लांबवायचा आहे तिथं अक्षर दीर्घ हवं. ‘पाणी’ लांबवता येतं, ‘जल’ लांबवायला गेलं की ‘जलऽऽ’ असं लोंबतं.

आता हीच चाल उभी वाचा. वहीत आठ उभे रकाने आखा, चार ओळी एकाखाली एक लिहा आणि एकेक रकाना वरून खाली बघा. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, सा, ग, प, सा. सातव्या मात्रेवर सा, प, ग, सा. म्हणजे आवर्तनाच्या दोन्ही टोकांना सा-ग-प पूर्ण जुळतं. सहाव्या मात्रेवर तिसऱ्या ओळीचा रे आणि पहिल्या ओळीचा ग शेजारी येतात, तिथं किंचित खाज सुटते आणि लगेच सातव्याला शमते. ती मी मुद्दाम ठेवली आहे. सगळंच गुळचट झालं तर पोरं कंटाळतात.

कागदावर स्वर मांडून गाणं हा आपला प्रकार नव्हे, असं आजोबा पहिल्या दिवशी म्हणाले होते. मी त्यांना सांगितलं, आजोबा, सयाजीराव महाराजांच्या काळात गायक मौलाबक्षांनी इथली गायनशाळा 1886 साली सुरू केली, आणि त्यांनी तर स्वतःची स्वरलेखन पद्धत काढली होती. संगीतशास्त्राचे पंडित भातखंडे यांच्या पुढाकारानं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद 1916 साली भरली तीही बडोद्यातच. वहीत रकाने आखणं म्हणजे या गावात घरचंच काम. आजोबांनी मग पट्टी घेऊन सगळ्यांना रकाने आखून दिले, माझ्यापेक्षा सरळ.

पट्टी आणि साथ

चाल सा पासून तार सा पर्यंत जाते, मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरत नाही. म्हणून पट्टी पांढरी एक घ्या, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी हा तुमचा सा. बायका आणि मुलं मधल्या सप्तकात, पुरुष एक सप्तक खाली. नेहमी काळी चारला गाणाऱ्या ताई ‘एवढा वर सा?’ म्हणून बिचकतील. त्यांना सांगा की इथला तार सा म्हणजे तुमच्या नेहमीच्या पट्टीतला तार गंधार, रोज लावता तोच. तरी गळे ताणत असतील तर काळी पाचवर उतरा.

साथीला तानपुरा, सा-प लावलेला. फोनवरचा चालेल, पण फोन एअरप्लेन मोडवर टाका. नाहीतर ऐन तिसऱ्या गटाच्या उठावाला गॅसवाल्याचा फोन येतो आणि तानपुरा गप्प. हे आमच्याकडे एकदा नाही, दोनदा झालं आहे.

पेटी मात्र बंद ठेवा. याला दोन कारणं. एक, पेटीवाला कुठल्या ना कुठल्या गटाबरोबर वाजवणार, आणि सगळे त्या गटाकडे ओढले जाणार. दुसरं, पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा चढा असतो. सा ते कोमल रे एवढ्या अंतराचे शंभर भाग केले तर साधारण चौदा भागांनी चढा. एकट्यानं गाताना ते खपून जातं. पण एक गट सा वर, एक प वर आणि मधे ग, असं उभं राहिलं की तो फरक ऐकू येतो: आवाजात लाटा उठतात. पेटी नसेल तर गळे आपोआप खरा गंधार शोधतात, आणि तो सापडला की लाटा थांबून खोलीच घुमल्यासारखी होते. त्या क्षणी मुलं एकमेकांकडे बघतात. हे कुणाला समजावून सांगता येत नाही, एकदा व्हावं लागतं.

शिकवण्याच्या पायऱ्या

पहिल्या दिवशी गट पाडूच नका. सगळी चाल सगळ्यांनी मिळून, एका आवाजात, वहीशिवाय आली पाहिजे. ‘आली’ म्हणजे काय, याची माझी परीक्षा अशी: खोलीत गोल चालत, दर मात्रेला पाऊल टाकत आणि समेला टाळी देत तीनदा गाता आली तर आली. पाऊल अडखळलं तर चाल अजून तोंडात आहे, अंगात उतरलेली नाही. या पायरीवर घाई करणाऱ्या शिक्षकाला पुढे दुप्पट वेळ लागतो. माझेच दोन रविवार असे वाया गेले.

मग चौथी ओळ सुटी करा. अर्ध्या लोकांनी ‘हाले पाणी’ एवढंच घोळवत राहायचं, बाकीच्यांनी पूर्ण चाल तिच्यावर गायची. त्या जुन्या हस्तलिखितातल्या दोन गळ्यांचं काम तेच. पाया धरणाऱ्यांना सोपी ओळ मिळते, वर गाणाऱ्यांना ‘खाली काहीतरी वेगळं चाललं असताना मी माझं गातोय’ याची पहिली चव मिळते. दोन्ही बाजू आलटून पालटून करा. नवख्या, लाजऱ्या माणसांना आधी पायाला ठेवा. आमच्याकडच्या एका काकू चार आठवडे फक्त ‘हाले पाणी’ गात होत्या आणि अतिशय खूष होत्या.

त्यानंतर दोन गट. शिक्षकानं दुसऱ्या गटाबरोबर उभं राहायचं, पहिल्याबरोबर नाही. पहिल्याला कुणाच्या आधाराची गरज नसते. दुसऱ्या गटाचा उठाव हीच खरी अवघड जागा, कारण पहिला गट तेव्हा ‘सांज आली’ वर चढलेला असतो आणि याला खालच्या सा वर उतरायचं असतं. उठावाच्या आधी दोन मात्रा त्यांच्याकडे बघून श्वास घ्या, मोठ्यानं दिसेल असा. बोटांनी मोजून दाखवण्यापेक्षा श्वास जास्त उपयोगी पडतो. दोन गटांचं सलग तीन वेळा न सांडता झालं की तिसरा, मग चौथा. कधी एका दिवसात होतं, कधी महिना लागतो.

प्रत्येक गटात एक म्होरक्या नेमा. तो सगळ्यात गोड गाणारा नको, सगळ्यात हट्टी हवा. आमचा सर्वोत्तम म्होरक्या बारा वर्षांचा मुलगा आहे. त्याचा आवाज फुटायला आलाय, पण जगबुडी झाली तरी तो आपली ओळ सोडत नाही.

उभं राहण्याची पद्धत: आधी खोलीच्या चार कोपऱ्यांत चार गट, प्रत्येकानं आपल्या गटाकडे तोंड करून. जमलं की गटांनी खोलीच्या मध्याकडे तोंड करायचं. अगदी पक्कं झालं की सगळ्यांची सरमिसळ करून प्रत्येकाच्या शेजारी दुसऱ्या गटाचा माणूस उभा करा. पहिल्यांदा हसून हसून पडतील. पडू द्या.

कुठे घसरतं

या चालीत घसरण्याच्या दोन जागा मला नेमक्या माहीत आहेत. समेवर पहिली आणि चौथी ओळ दोन्ही सा वर उभ्या असतात. चौथ्या ओळीवरून पहिलीवर येणारा गट शेजारी लांबलेला सा ऐकतो आणि ‘सूर’ म्हणायच्या ऐवजी पुन्हा ‘हाऽ’ म्हणून बसतो. दुसरी जागा तिसऱ्या मात्रेची. तिथं दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या ओळीला प आहे, म्हणजे तीन गट एकाच सुरावर येतात आणि एकटा पहिल्या ओळीचा गट रे वर. तो रे बिचारा प कडे खेचला जातो. दोन्ही जागांवर इलाज एकच: फक्त त्या मात्रेवर सगळ्यांना थांबवा, सूर धरून ठेवा, प्रत्येक गटाला आपला सूर बाकीच्यांत ओळखू द्या, मग पुढे जा. तुमच्या चालीत या जागा वेगळ्या असतील. उभ्या रकान्यात जिथं दोन ओळी एकाच सुरावर दिसतील तिथं आधीच खूण करून ठेवा.

लय धावणं हा दुसरा आजार. पाठीमागून कुणी येतंय म्हटलं की माणूस पळतोच. तबला असेल तर साधा ठेका, धा गे ना ती ना के धिं ना, एकही तिहाई (तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) नको. नसेल तर एकानं मांडीवर मात्रा धरायची आणि त्यानं गायचं नाही.

आवाज चढवण्याची स्पर्धा तिसरी. दुसऱ्या गटाचे शब्द ऐकू येत नसतील तर तुम्ही जास्त मोठ्यानं गाताय, एवढा एकच नियम सांगा.

आणि शिकलेल्यांसाठी खास: हरकत, मुरकी, मींड, असली गळ्याची कलाकुसर काही नको. थोर गवई फैयाजखाँसाहेबांच्या गावात हे सांगताना माझी जीभ अडखळते, पण राउंडमध्ये ग वरून सा वर घसरत आलात तर मधल्या वेळात तुम्ही रे वरही असता, आणि तिथं दुसऱ्या कुणाचं घर असतं. सूर खडा लावा, सोडा, पुढचा खडा लावा. मुरक्यांची हौस एकट्याच्या बैठकीत भागवा.

घरी एकट्यानं

वर्गाला येता येत नाही अशांसाठी. फोनवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करा: आधी आठ मात्रा टाळ्या, मग पूर्ण चाल चार वेळा. ते स्पीकरवर लावा, हेडफोन नको. ध्वनिमुद्रणातली तुमचीच दुसरी ओळ सुरू झाली की पहिल्या ओळीपासून उचला. दुसऱ्या वेळी तिसऱ्या ओळीला उचला. स्वतःच्या आवाजापासून वेगळं राहणं परक्यापेक्षा अवघड, कारण दोन्हींचा पोत एकच. ज्यांना हे साधलं त्यांना वर्गात कधी अडचण येत नाही.

थांबायचं कसं

हे आम्ही शिकलो ते फजिती होऊन. एका गणेशोत्सवात आमचा कार्यक्रम होता. सुरू कसं करायचं याचा महिनाभर सराव केला होता, थांबायचं कसं हे कुणालाच सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही. चौघा गटांचं चाक फिरायला लागलं, फिरतच राहिलं. मी हात केला, तो पहिल्या गटाला दिसला, चौथ्याला नाही. मधले दोन गट घाबरून एकमेकांना मिळाले, आणि शेवटी सगळेच ‘हाले पाणी, हाले पाणी’ म्हणत राहिले, कारण तेवढं एकच सगळ्यांना खात्रीनं येत होतं. लोकांना वाटलं शेवट असाच बसवलाय. टाळ्या पडल्या. मी घरी येऊन तोंडावर पाणी मारलं.

तेव्हापासून दोन पद्धती ठरवल्या आहेत. पहिली, मोजून: प्रत्येक गटानं चाल तीनदा गायची आणि गप्प व्हायचं. पहिला गट बारा आवर्तनांत मोकळा होतो, चौथा तीन आवर्तनं उशिरा सुरू झालेला, म्हणून पंधराव्या आवर्तनाला. मिनिटाला ऐंशी मात्रांची लय असेल तर सगळं दीड मिनिटात आटोपतं. यात शेवटच्या गटाला अखेरचं ‘हाले पाणी’ एकट्यानं म्हणावं लागतं, म्हणून चौथ्या गटात धीट माणसं ठेवा.

दुसरी पद्धत, एकदम. शिक्षकानं समेच्या आधी हात वर उचलायचा, सगळ्यांना दिसेल असा, आणि त्या आवर्तनाच्या सातव्या मात्रेवर जो सूर आपल्या ओळीत येईल तो सगळ्यांनी धरून ठेवायचा. ‘काठी’चा सा, ‘भेटाया’चा प, ‘पाण्यातले’चा ग, ‘पाणी’चा सा. चार शब्द वेगळे, पण सा-ग-प पुरा. तो श्वास संपेपर्यंत धरा, मग हात खाली. तानपुरा मात्र लगेच बंद करू नका. पोरं त्यावर आपला सूर तपासून बघतात, आणि कुणीतरी हळूच पुन्हा ‘सूरसागर’ सुरू करतं.